पंचवीस लाख मेंढ्यांचं गाव

एका वर्षात पंचवीस लाख मेंढ्यांची लोकर एका गावच्या धक्क्यावरून जहाजात चढत होती. हे तेराव्या शतकाच्या अखेरीस घडत होतं. तेव्हा वाफेचं इंजिन नव्हतं. गावाची वस्ती आजच्या एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, लिंकनशर परगण्यात, विदम नदीच्या काठी वसलेलं हे गाव म्हणजे बॉस्टन. आपल्याला माहीत असलेल्या अमेरिकेतल्या बॉस्टनचं नाव याच गावावरून पडलं.

आज हे गाव आठवडी बाजाराचं साधं गाव आहे. बुधवारी आणि शनिवारी चौकात पाल ठोकून दुकानं लागतात. भाजी, मासळी, कपडे, फुलं विकली जातात. संपूर्ण बॉस्टन तालुक्याची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ७०,५०० भरली. लंडनला जाणारे बहुतेक प्रवासी या वाटेला फिरकतही नाहीत. पण या गावाचे जुने आकडे मांडायला बसलं की थक्क व्हायला होतं. ते आकडे एकच गोष्ट सांगतात. बाजारपेठेचं मोठेपण तिथल्या घरांवरून ठरत नाही. तिथून काय काय बाहेर गेलं, यावरून ते मोजावं लागतं.

लंडनच्या खालोखाल

सुरुवात कराच्या पावतीपासून करू. तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला राजा जॉनने व्यापाऱ्यांच्या मालावर पंधरावा हिस्सा कर बसवला. इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवरच्या तीसहून अधिक बंदरांमध्ये तो वसूल झाला. १२०४पर्यंतच्या हिशेबात एकूण जमा सुमारे ४,९५८ पौंड होती. त्यात लंडनचे ८३६ पौंड, तर बॉस्टनचे ७८०. साउदॅम्प्टन, लिंकन, लिन ही नावाजलेली बंदरं मागे राहिली. सगळ्या देशाच्या वसुलीतला सुमारे सोळा टक्के वाटा या एका गावाने उचलला होता.

कर पंधरावा हिस्सा होता. म्हणजे ७८० पौंडांच्या मागे सुमारे ११,७०० पौंडांचा माल उभा होता. त्या काळी साध्या मजुराला दिवसाला दीड-दोन पेनी मिळत आणि एका पौंडात २४० पेनी असत. दोन पेनी रोजाने हिशेब केला तर त्या मालाची किंमत चौदा लाख दिवसांच्या मजुरीएवढी होते. एका माणसाने ती कमवायची म्हटली, तर त्याला ३,८०० वर्षांहून अधिक काळ, एकही सुट्टी न घेता राबावं लागलं असतं.

नकाशा पाहिला की या पैशाचं कारण कळतं. बॉस्टन समुद्राला लागून नाही, पण समुद्र त्याच्या दारापर्यंत येतो. ‘द वॉश’ नावाच्या मोठ्या, उथळ आखातातून भरतीचं पाणी विदम नदीत चढतं आणि जहाजं गावापर्यंत पोचतात. वरच्या अंगाला हीच नदी लिंकन शहराला जोडलेली. लिंकनपासून पुढे फॉस डाइक हा रोमनांच्या काळापासूनचा मानला जाणारा कालवा ट्रेंट नदीला मिळतो. अशा रीतीने इंग्लंडच्या मध्यभागातला माल बैलगाडीचा फारसा आधार न घेता पाण्यावरून थेट बॉस्टनला उतरायचा. समोरच्या किनाऱ्यावर ब्रूज, गेंट, ईप्र ही फ्लँडर्समधली विणकरांची शहरं होती. मागे कुरणं, पुढे माग, आणि मधे बॉस्टनचा धक्का.

एक पोतं, अडीचशे मेंढ्या

त्या काळच्या इंग्लंडची खरी संपत्ती म्हणजे लोकर. ती पोत्यावर मोजली जाई आणि पोत्याचं वजनही कायद्याने ठरलेलं होतं. चौदाव्या शतकात पक्कं झालेलं माप सांगतो. १४ पौंडांचा एक स्टोन आणि २६ स्टोनचं एक पोतं, म्हणजे ३६४ पौंड वजन. आपल्या हिशेबात सुमारे १६५ किलो. तेव्हाच्या मेंढ्या किरकोळ अंगाच्या असत. एका मेंढीच्या अंगावरून जेमतेम साडेसहाशे-सातशे ग्रॅम लोकर उतरायची. त्यामुळे एक पोतं भरायला सुमारे अडीचशे मेंढ्या कातराव्या लागत.

आता तेराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतलं बॉस्टन पाहा. भराच्या वर्षांत इथून सुमारे दहा हजार पोती बाहेर जात. इंग्लंडच्या एकूण लोकर निर्यातीतला जवळजवळ तिसरा हिस्सा या एका बंदरातून जाई. लंडनही इथे मागे पडलं होतं. दहा हजार पोत्यांची लोकर पंचवीस लाख मेंढ्यांच्या अंगावरून उतरलेली. वजन सोळाशे टनांच्या वर. एवढ्या मेंढ्या एका रांगेत चालवल्या आणि दर सेकंदाला एक मेंढी फाटकातून आत सोडली, तर शेवटची मेंढी आत यायला रात्रंदिवस मिळून २९ दिवस लागतील. एकेका मेंढीला एक मीटर जागा दिली तर रांग २,५०० किलोमीटर लांब होईल. लंडन ते मॉस्को हवाई अंतर साधारण तेवढंच आहे.

पूर्ण देशाचा आकडा याहून मोठा आहे. १३०४-०५ या एका वर्षात इंग्लंडमधून ४६ हजारांहून अधिक पोती परदेशी गेली. म्हणजे एक कोटीहून अधिक मेंढ्यांची लोकर. त्या वेळी इंग्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास मानली जाते. माणशी दोन मेंढ्यांची लोकर दरवर्षी देशाबाहेर जात होती.

राजाची नजर या मालावर पडणं स्वाभाविकच होतं. १२७५ साली पहिल्या एडवर्डने पोत्यामागे अर्धा मार्क, म्हणजे ६ शिलिंग ८ पेनी निर्यात जकात बसवली. पोत्यामागे ऐंशी पेनी. दहा हजार पोत्यांचे आठ लाख पेनी. दोन पेनी रोजाने ही रक्कम चार लाख दिवसांची मजुरी होते. अकराशे मजुरांची अख्ख्या वर्षाची कमाई एका बंदरातून, एका मालावर, राजाच्या खजिन्यात पडत होती. युद्धं या पैशावर लढली गेली, इटालियन सावकारांची कर्जं या पैशाच्या भरवशावर घेतली गेली. सिस्टर्शियन पंथाचे मठ तर लोकर मेंढीच्या अंगावर असतानाच पुढच्या कित्येक वर्षांची फ्लॉरेन्स आणि लुक्काच्या व्यापाऱ्यांना विकून मोकळे होत. ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाचा अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसतो. लोकरीवर देश उभा होता, याची ती खूण.

जूनमध्ये सेंट बोटॉल्फच्या सणाला बॉस्टनची जत्रा भरायची आणि ती कित्येक आठवडे चालायची. फ्लेमिश, जर्मन, नॉर्वेजियन व्यापारी तिथे उतरत. खुद्द राजवाड्याची मेण, कापड, मसाले आणि दारूची खरेदी या जत्रेत होई. १३६९ साली बॉस्टनला लोकरीच्या व्यापाराचं अधिकृत ठाणं नेमलं गेलं. हे सारं सांभाळणारं गाव किती मोठं होतं? १३७७ साली डोईपट्टी वसूल झाली तेव्हा इथले २,८७१ करदाते नोंदले गेले. मुलं आणि निर्धन धरूनही वस्ती पाच हजारांच्या फार पुढे जात नाही. त्याआधी तीसएक वर्षांपूर्वी प्लेगने माणसं नेली होती हे खरं. तरीही देशातल्या पहिल्या दहा शहरांत हे गाव बसत होतं.

३६५ पायऱ्यांचं वर्ष

लोकरीचा पैसा कुठे गेला, हे पाहायला वर मान करावी लागते. गावाच्या मधोमध, नदीला चिकटून सेंट बोटॉल्फचं चर्च उभं आहे. त्याच्या बुरुजाला सगळे ‘स्टंप’ म्हणतात. उंची सुमारे ८१ मीटर. आजच्या इमारतींच्या हिशेबाने सत्तावीस मजले. मध्ययुगात बांधल्या गेलेल्या इंग्लंडमधल्या सर्वांत उंच बुरुजांत त्याची गणना होते. हे बिशपचं कॅथीड्रल नाही, गावचं चर्च आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं.

बांधकाम १३०९ साली सुरू झालं. मुख्य इमारत त्याच शतकात उभी राहिली. बुरुजाला १४५०च्या सुमारास हात घातला आणि शेवटचा अष्टकोनी मजला १५२०च्या आसपास पुरा झाला. दोनशे दहा वर्षांचं काम. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर आठ पिढ्या होतात. पहिला दगड बसवणाऱ्या गवंड्याच्या खापरपणतूलाही शेवटचा दगड पाहायला मिळाला नसता.

या चर्चचे आकडे गावकरी आवडीने मोजून दाखवतात. दारं सात, आठवड्याच्या वारांएवढी. छत पेलणारे खांब बारा, महिन्यांएवढे. ग्रंथालयाकडे जाणाऱ्या पायऱ्या चोवीस, दिवसाच्या तासांएवढ्या. खिडक्या बावन्न, वर्षातल्या आठवड्यांएवढ्या. वेदीकडच्या छपरावर जाणाऱ्या पायऱ्या साठ, आणि बुरुजाच्या माथ्यापर्यंतच्या पायऱ्या ३६५. दोनशे वर्षांत अनेक हातांनी बांधलेल्या इमारतीत अख्खं कालमान बसलेलं पाहून मन हरखून जातं.

आता थोडं भूमितीचं गणित. भोवतालची जमीन तव्यासारखी सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर. ८१ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३२ किलोमीटर दूर असतं. म्हणजे माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत एका वेळी ३,२०० चौरस किलोमीटरचं वर्तुळ मावतं. त्यात शेतं, कालवे आणि आखाताचं पाणी सगळं येतं. हे क्षेत्रफळ अख्ख्या लिंकनशरच्या निम्म्याच्या जवळ जातं. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच अंतरावरून हा बुरुज दिसतो. म्हणून शतकानुशतकं खलाशी याच्या खुणेने जहाज हाकत आले, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेक करून परतणारे वैमानिक आपला तळ शोधण्यासाठी हा बुरुज हुडकत.

एवढ्या अवाढव्य इमारतीत सर्वांत जवळून पाहावी अशी गोष्ट मात्र वीतभर लाकडाची आहे. वेदीसमोर पाद्र्यांच्या घडीच्या आसनांच्या रांगा आहेत. प्रार्थना तासन्‌तास उभ्याने चालायची. म्हणून घडी केलेल्या आसनाच्या खालच्या बाजूला टेकायला एक छोटी फळी ठेवलेली असे. त्या फळीखाली, सहसा कुणाला दिसणार नाही अशा जागी, १३९०च्या सुमारास सुतारांनी कोरीवकाम केलं. अशी ६२ आसनं इथे टिकून आहेत. एकावर मास्तर पोराला छडीने झोडपतो आहे, पोरगं पुस्तक आड धरून मार चुकवू पाहतंय आणि बाकीची मुलं पाहत उभी आहेत. सव्वासहाशे वर्षांपूर्वीची शाळा त्या तुकड्यात पुरती उतरली आहे. लाख आणि कोटींचे आकडे कुठल्या माणसांनी घडवले, हे समजायला ते आसन उलटून पाहावं.

पैसा ओसरला, बुरुज चढत गेला

तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक विलक्षण गोष्ट दिसते. बुरुजाचं काम १४५०च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा बॉस्टनचा सुवर्णकाळ मागे पडला होता. इंग्लंडने कच्ची लोकर विकण्याऐवजी घरीच कापड विणायला सुरुवात केली. जिथे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देशातून चाळीस हजारांवर पोती जात होती, तिथे पंधराव्या शतकाच्या मध्यावर दहा हजारांचाही भरवसा उरला नाही. कापडाचा व्यापार लंडनकडे वळला, जर्मन व्यापाऱ्यांनी काढता पाय घेतला, नदीच्या मुखाशी गाळ साचत गेला. तरीही गावाने सत्तर वर्षं दगडावर दगड चढवला. या गावाबद्दल मला सर्वाधिक आदर याच आकड्यामुळे वाटतो. भरभराटीत मोठं बांधकाम करणारी गावं पुष्कळ असतील. उतरत्या काळात घेतलेलं काम तडीस नेणारं गाव विरळा.

पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले. बॉस्टनमध्ये चार वेगवेगळ्या पंथांचे भिक्षू राहत, तेही गेले. १५४५ साली गावाला राजाकडून सनद मिळाली आणि कारभार गावकऱ्यांच्या हाती आला.

माणसं आणि नाव

लोकर थांबली, पण गावातून बाहेर जाणं थांबलं नाही. १६०७ साली इंग्लंडच्या चर्चशी न पटणाऱ्या एका गटाने बॉस्टनजवळच्या खाडीतून गुपचूप हॉलंडला पळायचं ठरवलं. जहाजाच्या कप्तानाने दगा दिला आणि ते पकडले गेले. त्यांना गावच्या गिल्डहॉलमध्ये उभं करण्यात आलं. १३९०च्या सुमारास बांधलेली ही विटांची इमारत आज संग्रहालय म्हणून पाहता येते. त्या गटातले विल्यम ब्रूस्टर आणि तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा असलेला विल्यम ब्रॅडफर्ड १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला पोचले. त्या जहाजावर १०२ प्रवासी होते. ब्रॅडफर्ड पुढे प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला.

दहा वर्षांनी, १६३० साली दुसरी लाट निघाली. अटलांटिकपलीकडच्या नव्या वस्तीला त्या वर्षी सप्टेंबरात बॉस्टन हे नाव मिळालं. सेंट बोटॉल्फ चर्चचे पाद्री जॉन कॉटन यांनी १६१२पासून एकवीस वर्षं इथे प्रवचनं केली आणि १६३३ साली तेही तिकडे गेले. गावचे न्यायाधिकारी रिचर्ड बेलिंगहॅम आणि गावात जन्मलेले जॉन लेव्हरेट दोघेही मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. १७७३ साली त्या नव्या बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या आणि अमेरिकन क्रांतीची ठिणगी पडली. २०२०च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या पावणेसात लाख होती, म्हणजे इंग्लंडमधल्या अख्ख्या बॉस्टन तालुक्याच्या साडेनऊ पट. लेक मोठी झाली, पण माहेर विसरली नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बुरुजाची डागडुजी निघाली, तेव्हा अमेरिकेतल्या बॉस्टनकरांनी ११,००० पौंड पाठवले.

आपल्या घरात पोचलेलं एक नावही इथलंच. आयझॅक आणि थॉमस रेकिट या भावांनी १८१९ साली गावात १,८२६ पौंड १० शिलिंग ६ पेनी खर्चून पवनचक्की बांधली. सात मजली, सुमारे ८० फूट उंच. पवनचक्कीला सहसा चार पाती असतात, हिला पाच आहेत. मॉड फॉस्टर नावाची ही चक्की आजही उभी आहे. धंदा मात्र साधला नाही. आयझॅकने हल शहरात जाऊन १८४० साली खळीचा कारखाना घेतला. त्यातून वाढलेली रेकिट कंपनी म्हणजे आपल्या न्हाणीघरातलं डेटॉल, हार्पिक आणि धुण्याच्या पांढऱ्या कपड्यांना घातलेली रॉबिन नीळ.

चौकात चर्चसमोर पुतळा आहे तो हर्बर्ट इंग्रमचा. या गावच्या मुलाने १८४२ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे जगातलं पहिलं सचित्र वृत्तसाप्ताहिक काढलं. पहिल्या अंकाच्या २६,००० प्रती खपल्या.

पाच लाख भरत्या

ज्या पाण्याने गावाला श्रीमंत केलं, ते पाणी घरातही शिरतं. वॉशमध्ये मोठ्या भरतीला पाणी सहा-सात मीटर चढतं. दर बारा तास पंचवीस मिनिटांनी एक भरती, म्हणजे वर्षाला सातशेहून अधिक. १३०९पासून आजवर पाच लाखांहून अधिक भरत्या या चर्चच्या पायाशी आल्या आणि गेल्या. १७६६ साली नदीवर ग्रँड स्लूस हा मोठा दरवाजा बांधून वरच्या शेतजमिनीला भरतीपासून वाचवलं गेलं. गाव मात्र खालच्या बाजूलाच राहिलं.

बुरुजाच्या पश्चिमेकडच्या दाराशी भिंतीवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत. १८१०, १९५३, १९७८ आणि २०१३. त्यांत २०१३ची रेघ सर्वांत वर आहे. ५ डिसेंबर २०१३च्या संध्याकाळी उत्तर समुद्रात वादळाने फुगलेली भरती आत घुसली आणि ५५ रस्त्यांवरच्या ८००हून अधिक मालमत्तांमध्ये पाणी शिरलं. चर्चच्या फरशीवरही पाणी होतं. त्यानंतर दहा कोटी पौंडांहून अधिक खर्चाचा अडसर नदीवर उभारण्यात आला. त्याचा प्रचंड दरवाजा एरवी नदीच्या तळाशी आडवा असतो आणि धोक्याच्या वेळी वर उचलला जातो. डिसेंबर २०२०मध्ये तो बसवला गेला. तेरा हजारांहून अधिक घरादुकानांचं रक्षण आता त्याच्यावर आहे.

बाजार भरतोच आहे

लोकरीची जागा आता भाजीपाल्याने घेतली आहे. पाणी उपसून शेतीखाली आणलेली ‘फेन्स’ या पाणथळ प्रदेशातली जमीन इंग्लंडमधल्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक. कोबी, फुलकोबी, बटाटे आणि फुलं इथून देशभर जातात. या शेतांवर काम करायला २००४नंतर पोलंड, लिथुएनिया, लॅटव्हियाहून हजारो माणसं आली. गावाला त्याचा ताणही जाणवला. युरोपीय संघात राहायचं की नाही, यावर २०१६ साली मतदान झालं, तेव्हा बॉस्टनमध्ये ७५.६ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. देशातलं हे सर्वाधिक प्रमाण होतं.

या गावाचा आकार किती, असं विचाराल तर माझं उत्तर सत्तर हजार माणसं हे नाही. पंचवीस लाख मेंढ्या, दोनशे दहा वर्षं, पाच लाख भरत्या आणि समुद्रापलीकडे वाढलेलं एक महानगर, एवढं सगळं मिळून हे गाव होतं. इंग्लंडला गेलात तर लंडनमधला एक दिवस कमी करा. किंग्ज क्रॉसहून गाडी पकडून ग्रँथमला बदला. दोन-अडीच तासांत बॉस्टन येतं. बुधवार किंवा शनिवार गाठा, म्हणजे बाजार भरलेला असेल. आधी भिंतीवरच्या पुराच्या रेघा पाहा, मग आसनाखालचा मास्तर, आणि पायांत बळ असेल तर बुरुजावर जितकं जाऊ देतील तितकं चढा.